तोंड मिटलेले आजोबा

आमच्या घरात दोन गोष्टी कधी टाकून देत नाहीत. जुने डबे आणि आजोबांचे किस्से. दोन्ही एकात एक बसवून ठेवलेले असतात. एक काढायला जावं तर सगळेच अंगावर येतात!

मी आजोबांना पाहिलेलं नाही. बाबांचं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर त्यांचा एकुलता एक फोटो आहे. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा एकदम सिरियस आणि तोंड घट्ट मिटलेलं. ज्या माणसाच्या आवाजाचे एवढे किस्से, त्याचा फोटो हा असा!

आजोबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. ट्रकमध्ये सळ्या भरणाऱ्या टोळीत त्यांचं काम हाक द्यायचं. सळ्यांचा लांबलचक भारा सगळ्यांच्या खांद्यावर एकदम चढावा लागतो. एकानं जरी आधी उचलला तरी त्याचं कंबरडं मोडलंच म्हणून समजा. म्हणून आजोबा ओळ म्हणायचे, टोळी ‘हां!’ म्हणायची आणि त्या ‘हां’ला भारा वर. हाक नाही, तर हात लावायचा नाही, असा टोळीचा कायदाच होता.

ती हाक कुणी टेप करून ठेवली नाही. मला ती एकदा तरी ऐकायची होती. लहानपणापासून एवढीच हौस.

*

बाकीच्या टोळ्यांच्या हाकेत देवाचं नाव असायचं. आजोबांच्या हाकेत घरच्या बातम्या!

“वांग्यात मीठ न्हाईऽऽ!”

“हां!”

“मेव्हना आला ऱ्हायाऽऽ!”

“हां!”

आजीला याचा पत्ताच नव्हता. आजोबांना डबा घरी विसरायची सवय होती. एकदा असाच विसरलेला डबा घेऊन ती चालत बाजारात गेली आणि ट्रकच्या आडून तिनं हे वांग्याचं ऐकलं. आख्खी टोळी एकमुखानं ‘हां!’ म्हणाली, तेव्हा ती पदर खोचून पुढे झाली. “तुमाला कुनी वाढलं व्हतं वो माझं वांगं?”

भारा तिथेच. आजी डबा घेऊन आली तशीच घरी गेली.

त्या दुपारी आजोबा उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशीची पहिली हाक होती, “बायकू माझी सुगरऽऽन!” टोळीतले पांडूनाना सांगतात, “तेवडं वजन आमी जन्मात कदी हासत उचललं न्हाई.”

*

आजोबांना हळू बोलता येत नसे. म्हणजे ते बोलायचे हळूच, ऐकू मात्र लांबपर्यंत जायचं.

एका दिवाळीला त्यांनी आजीसाठी साडी घेतली आणि पांडूनानांच्या कानात कुजबुजले, “हिरवी घेतलीय. हिला सांगू नगंस.”

संध्याकाळी आजी पाण्याला निघाली तर रस्त्यात एक अनोळखी ट्रक ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, “भाभीजी, हरी साडी मुबारक हो!”

“मग तू काय केलंस?” मी आजीला विचारलं.

“काय करनार? पाडव्याला साडी दिली तवा तोंडाला हात लावला आन म्हनलं, अगं बया!”

*

पांडूनानांच्या पुतण्याचं लग्न होतं. हार घालायच्या वेळी नवरीचा हात पोचू नये म्हणून नवऱ्याला मित्र उचलतात. तो मान टोळीला मिळाला. आता टोळीला म्हटल्यावर हाक आलीच. आजोबांनी हाक दिली, नवरा वर गेला, टाळ्या पडल्या. इथवर सगळं बरोबर होतं.

पण उचललेला माल घेऊन उभं राहायची कुणाला सवय? पाय आपोआप चालायला लागले. मांडवातून बाहेर, रस्त्यावर, आणि समोर भांडी आणलेला टेम्पो उभा होता, त्याच्यात. अगदी नीट, हिसका न बसता नवरदेव टेम्पोत भरला! ड्रायव्हरनंही सवयीनं फाळका लावून घेतला.

नवरीचे वडील हार हातात घेऊन धावत आले. “अवो, उतरवा की जावयाला!”

आजोबा घाम पुसत म्हणाले, “आमी फकस्त भरतो. उतरवायची टोळी येगळी.”

*

मागच्या वर्षी आमच्याकडे नवीन फ्रीज आला. लिफ्ट बंद. डिलिव्हरीवाले दोघं फ्रीज जिन्यातून वर आणत होते. बाबांची सगळी नोकरी खुर्चीत बसून झाली, पण त्या दिवशी त्यांच्यातलं रक्त उसळलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हाक दिली, “फ्रीज आला थंडगाऽऽर!”

डिलिव्हरीवाल्यानं एका कानातला इयरफोन काढला. “अंकल, कुछ बोला क्या?”

“आजोबांची हाक अशीच होती?” मी आजीला विचारलं.

“ह्यो तर प्रार्थना म्हनल्यावानी म्हनतोय,” आजी म्हणाली.

“मग तू म्हणून दाखव ना.”

“मला न्हाई येत. बायका कदी हाक देत्यात व्हय?” आणि ती उगाचच भांडी आवरायला लागली. दर वेळी हेच. पांडूनानांना विचारावं तर त्यांचा घसा आता बसलेला. मला वाटलं, संपलं. आता ती हाक काही आपल्या कानावर पडत नाही. खरंच वाईट वाटलं.

*

आजोबांच्या तिथीला पांडूनाना दरवर्षी जेवायला येतात. टोळीतले आता ते एकटेच राहिलेत. यंदा जेवायच्या आधी फोटोकडे बघत बसले होते. आजी आत वडे तळत होती. मी विचारलं, “नाना, आजोबा गेले त्या दिवशी काय झालं होतं?”

“सकाळी कामावर निघायच्या टायमालाच गेला बघ,” नाना म्हणाले. “चपला घालाया वाकला तो उठलाच न्हाई. आमी टोळीची समदी आलो. तिरडी बांधली. चौघं चार बाजूला वाकलो, बांबूला हात घातलं. आन तसंच ऱ्हायलो.”

“का?”

“हाक कोन देनार? हाक देनाराच तिरडीवर.”

बाबांनी मान खाली घातली.

“भटजी म्हनत्यात, उचला. पाव्हनं म्हनत्यात, उचला की. आमचं हातच उटंनात. मी हाक द्याया गेलो तर गळ्यातनं आवाज फुटंना. किती येळ वाकून हुतो कुनास ठावं. आन मग मागनं, दारातनं, तुज्या आजीनं हाक दिली.”

“आजीनं?”

“व्हय. अशी दिली की बाजारापतूर गेली आसंल. तवा उचलला आमी त्याला.”

“काय हाक दिली?”

नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “ती मी न्हाई सांगायचा पोरी. ती तिची हाय.”

आत वडे तळायचा आवाज थांबला. आजीनं गॅस बंद केला होता. ती झारा हातात घेऊन दारात आली, फोटोकडे बघत उभी राहिली आणि छाती भरून तिनं हाक दिली.

“डबा न घेता निघालाऽऽऽ!”

“हां!” नानांच्या आधी मीच ओरडले.