नव्वद किलोमीटर आणि विहिणीची ओटी

मोठ्या शर्यतीला जायचे म्हणून मी आधी अर्ध्या शर्यतीत उतरले. अर्धी म्हणजे दोन किलोमीटरला थोडे कमी पोहणे, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळणे, सगळे एकाच दिवशी, एकामागोमाग एक. मोठीत हे सारे दुप्पट असते. माझे वय चौसष्ट. शाळा चौथीपर्यंत. अक्कल त्याहून कमी, असे आमचे म्हातारे म्हणतात, आणि या एका बाबतीत मी त्यांच्याशी भांडत नाही.

हे खूळ नातीने घातले. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, बुलढाण्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. तीस वर्षे मी मेथी-वांगी सायकलला बांधून देऊळघाटहून बुलढाण्याला नेली, ते तिने लहानपणापासून पाहिलेले. एक दिवस म्हणाली, "आजी, तुले पोहता येते, सायकल येते. पळणं मी शिकवते." पळायला मी आयुष्यात एकदाच पळाले होते, तेही बैल मागे लागला म्हणून.

चार महिने सराव झाल्यावर मला शिंगे फुटली. भाजीबाजारात सगळ्या बायांना सांगून बसले की मी मोठ्या शर्यतीला जाणार. नातीला विचारलेही नव्हते. तिला कळले तेव्हा तिने अट घातली.

"आधी अर्धी कर. साडेआठ तासांच्या आत आली तर मोठीचा फॉर्म मी भरते. एक मिनिट उशीर झाला तर नाही."

म्हणजे बाजारात माझे नाक राहते की जाते ते साडेआठ तासांवर होते.

शर्यत बुलढाण्याजवळच्या धरणावर, थंडीत, सकाळी. मी पोहायला शिकले ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत. विहीर गोल. तिच्यात पोहणारा सरळ जाऊन जाऊन किती जाणार? कडेकडेने फिरतो. पन्नास वर्षे मी तशीच पोहले. धरणात मोठे पिवळे फुगे सोडलेले, एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जायचे. मी प्रत्येक वेळी डावीकडे वळत गेले. नावेतला माणूस ओरडायचा, "मावशी, इकडे नाही, तिकडे." तिसऱ्यांदा तो नाव जवळ आणून म्हणाला, "मावशी, तुम्ही धरणाले प्रदक्षिणा घालून राह्यल्या काय?" मी नाकातोंडात पाणी असताना त्याला शिवी दिली. ती त्याला कळली नाही, बरे झाले.

तरी वेळेत बाहेर आले. अंगाला चिकटलेले शर्यतीचे कपडे, डोक्यावर हेल्मेट, अशी मी चिखलीच्या रस्त्याला लागले. सायकलवर माझे बरे चालते. मागे भाजीचे ओझे नाही, पुढे गिऱ्हाईक नाही. दोन तरुण पोरींना मागे टाकले तेव्हा मला वाटले, मोठी शर्यत काय, त्याहून मोठी असेल तर तीही करीन.

चिखलीच्या पुढे माझ्या मुलीचे सासर आहे, रस्त्यालाच लागून. परतताना लांबूनच दिसले, विहीणबाई रस्त्याच्या कडेला ताट घेऊन उभ्या. आमच्याकडे मुलीच्या आईने विहिणीपुढे मान खाली घालायची असते. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, माझी मान काही वर आली नाही. ब्रेक मी दाबला की सवयीने दाबला, सांगता येत नाही.

"आमच्या दारावरून तुम्ही तशाच जाता काय, विहीणबाई?"

"शर्यत चालू आहे, बाई."

"मंग? शर्यतीत बाया चहा पीत नाहीत काय?"

चहा प्यायले. तो कढत होता, घाईने पिता येईना. मग त्यांनी कुंकू लावले आणि ओटी भरायला नारळ उचलला. वरपासून खालपर्यंत मला पाहिले.

"पदर कुठं आहे?"

"नाही."

"पदरच नाही? मंग ओटी कशात भरू मी?"

मी अंगातला सदरा पुढून ताणून धरला. नारळ, खण आणि ओंजळभर गहू त्यात पडले. नारळ मी पाठीच्या खिशात कोंबला. खण छातीशी. गहू कुठे कुठे गेले ते संध्याकाळपर्यंत कळत होते.

तेवढ्यात शर्यतीचा एक पंच मोटरसायकलवरून आला. म्हणाला, "काकू, बाहेरच्याची मदत घेता येत नाही. दंड लागेल."

विहीण पुढे झाली. "मदत काहाची? नारळ दिला ना तिले. वजन वाढलं तिचं. त्याचा काऊन दंड?"

त्याने जरा विचार केला. "नारळाचं मले माहीत नाही, आजी. पण चहा मदतच होते."

या सगळ्यात दहा मिनिटे गेली. वर दंड पाच मिनिटांचा. सायकल संपली की एका मंडपात बसून तो भोगायचा. मी हिशेब केला, तरीही जमत होते. नारळ पाठीवर आपटत होता, पण पाय चालत होते.

मंडपात सावली होती, खुर्ची होती. कॉलेजातली एक मुलगी घड्याळ घेऊन बसलेली. मी बसले, डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे पाहून गोड हसत होती.

"झाली काय पाच मिनिटं?"

"केव्हाचीच झाली, काकू. वीस झाली. तुमचा डोळा लागला होता. म्हातारं माणूस, झोपेतून उठवावं कसं?"

तिला काय बोलणार? आमच्याकडे झोपलेल्या म्हाताऱ्याला कोणी उठवत नाही. मी स्वतःही उठवले नसते.

पळण्याचे फार सांगण्यासारखे नाही. अर्धे पळाले, अर्धे चालले, शेवटी गुडघ्यांना शिव्या देत गेले. पोचले तेव्हा साडेआठ तासांवर नऊ मिनिटे झाली होती.

नात तिथे उभी होती, आणि टेम्पोत बसून आलेल्या विहीणबाईही. चहाची आणि दंडाची बातमी माझ्याआधी पोचली होती. नात तिच्या त्या आजीवर तडकली. "तुया चहानं घात केला. दहा मिनिटं तुये, पाच दंडाचे. ते नसते तर ही वेळेत होती."

विहिणीची मान खाली गेली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मला बरे वाटले, खोटे काय सांगू?

मग नात मला म्हणाली, "जाऊ दे, आजी. यात तुयी चूक नाही. मोठीचा फॉर्म भरते मी."

तिने फोन काढला. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि सावकाश, अगदी तळापर्यंत प्यायले. ग्लास संपला. आणखी प्यायला काही नव्हते.

"मी मंडपात झोपले होते," मी म्हटले. "वरची पंधरा मिनिटं. चहा धरून, दंड धरूनही मी पोचले असते."

नातीने माझ्याकडे पाहिले. फोन खिशात ठेवला. "मंग नाही," म्हणाली. "पुन्हा अर्धी कर."

विहिणीने मान वर केली. "मी चहा पाजून जागं ठेवलं, अन् ह्या झोपल्या." ती मान पुन्हा खाली जाणार नाही हे मला तेव्हाच कळले.

बाजारात मीच सांगितले. हसून हसून एकीचा वजनकाटा पडला.

आता रोज पहाटे सायकल फिरवून आल्यावर मी अंगणात पंधरा मिनिटे उभी राहते. खुर्ची समोर ठेवते, पण बसत नाही. म्हातारे ओट्यावरून विचारतात, "उभी काऊन आहे वं?"

"सराव चालू आहे," मी सांगते.