पाठ न छापलेला तांबट

“अहो, या पक्ष्याची पाठच छापायची राहिली!” लालबागेतल्या तळ्याकाठी एक काकू नवा टी-शर्ट उलगडत नवऱ्याला म्हणाल्या.

“असेल कुणी घाईतला,” काका म्हणाले. “परत देऊन टाक.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बंगळूरमधल्या आमच्या पक्षीवेड्यांच्या ई-मेल गटाची ती पहिलीच प्रत्यक्ष भेट. सगळे इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे आपलं मराठी इथे कुणाला कळणार, अशा समजुतीने ते दोघं मोकळेपणी बोलत होते. मी शेजारीच उभी होते. या भेटीसाठी छापलेल्या गटाच्या टी-शर्टावरचा तांबट मीच काढला होता, पण गटावर मी नुसत्या आद्याक्षरांनी लिहायचे, त्यामुळे मी मराठी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तोंड न उघडता माणसांत राहता यायचं, म्हणून तर मला तो गट आवडायचा.

राजाजीनगरच्या छपाईवाल्याकडे प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी जाळी लागायची आणि खर्च वाढायचा. म्हणून मी कापडच तांबटाच्या हिरव्या रंगाचं निवडलं आणि त्यावर फक्त लाल, पिवळा आणि काळा छापून घेतला.

काकूंनी टी-शर्ट काकांच्या पोटावर धरून पाहिला. “ध्यान गोड आहे हो. अगदी तुमच्यासारखं फुगून बसलंय.” काका हसले. काकू मात्र तो परत द्यायला घडी घालू लागल्या.

या शहरात घराबाहेर मी कधी कुणाशी मराठीत बोलले नव्हते.

“काकू, परत नका देऊ. जरा लांबून बघा, हे कापडच त्याची पाठ आहे. मी काढलाय तो.”