पेन्सिलीची खूण

ती वरणगावहून यायची. आधी एस.टी.नं भुसावळ, तिथून पॅसेंजरनं जळगाव, आणि स्टेशनपासून पायी. मी ऑफिसपासून दहा मिनिटांवर खोली घेऊन राहत होते, तरी रोज माझ्या आधी ती टेबलाशी हजर. केस विंचरलेले, डबा कपाटात ठेवलेला, समोर हिरव्या पट्ट्यांचा कागद पसरलेला. सकाळी सकाळी ते दृश्य बघूनच माझं डोकं फिरायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. आमच्या शिक्षणसंस्थेनं जळगावच्या कॉलेजात एक सर्व्हर घेतला होता. त्याला सगळे ‘मोठं मशीन’ म्हणत. मशीन एका काचेच्या खोलीत, आणि त्याला जोडलेली चौदा टर्मिनलं प्रवेश, परीक्षा, वाचनालय अशी सगळीकडे पसरलेली. एसी फक्त त्या काचेच्या खोलीत होता. मे महिन्यात प्राचार्यसुद्धा काहीतरी कारण काढून तिथं येऊन उभे राहायचे. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. तीन वर्षं त्या मशीनचं पान माझ्यावाचून हलत नव्हतं, आणि मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

मग ती आली, वर्षभराच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. वय तेवीस. आणि दोन महिन्यांत आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ते काहीही झालं की म्हणू लागले, “तिच्या नजरेखालून गेलं का?”

मशीनला काय काय जोडलंय, कुणाला कुठं जाऊ द्यायचं, सुरू झाल्यावर काय करायचं, हे सगळं साध्या फाइलींमध्ये लिहिलेलं असे. एकेका ओळीत चार खाने, मध्ये कोलन. एक कोलन सुटला की परीक्षा विभागाचं टर्मिनल मुकं. मी या फाइली तोंडपाठ असल्यासारख्या बदलायचे. बदल केला, लागू केला, बिघडलं तर पळत जाऊन दुरुस्त केलं. त्या पळापळीचंही कौतुक व्हायचं. बाई केवढी धावपळ करते!

तिनं ती धावपळच बंद पाडली. तिचे वडील वरणगावच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथं बनवणारा एक आणि तपासणारा दुसरा, आणि वस्तू बाहेर जाते ती तपासणाऱ्याच्या शिक्क्यावर, असं ती सांगायची. तीच पद्धत तिनं आमच्याकडे आणली. बदललेली फाइल आधी कागदावर छापायची. लिहिणाऱ्यानं स्वतःची फाइल तपासायची नाही, दुसऱ्यानं तपासायची. वाचायची ती खालून वर, शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे, म्हणजे डोळा सवयीनं पुढं पळत नाही. ओळीखाली वडिलांनी दिलेली सहा इंची पोलादी पट्टी ठेवायची आणि ओळीवरून बोट फिरवायचं. चूक दिसली की पेन्सिलीनं गोल. लिहिणाऱ्यानं ती फाइलीत आणि कागदावरही दुरुस्त केली की गोल खोडायचा, आणि मग तपासणाऱ्याची लाल पेनानं सही. लाल सही असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

नानांना हे इतकं आवडलं की त्यांनी लाल पेनांचा डबाच मागवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या एका फाइलीत तीन चुका काढल्या, आणि त्या नानांसमोर मोठ्यानं वाचून दाखवल्या. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं. नाना गेल्यावर मी तिला म्हटलं, “हे बघ, चारचौघांत बोलून दाखवायची गरज नाही. काय दिसेल त्यावर खूण कर आणि गप्प बस. मला वाचता येतं.”

“चालेल, अक्का,” ती म्हणाली. आणि खरंच, त्या दिवसापासून ती माझ्या चुकांबद्दल एक शब्द बोलली नाही. नुसती खूण करायची आणि कागद पुढं सरकवायची. त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा!

एवढं जळायला कारण होतं, ते धुळ्याचं. माझं घर धुळ्याला. नवरा तिथं शाळेत शिक्षक, मुलगी दुसरीत, आणि मी जळगावात खोली घेऊन. शुक्रवारी संध्याकाळी एरंडोल, पारोळ्यावरून जाणारी एस.टी. पकडायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मुलगी आजीच्या हातून जेवायची. माझ्या हातचा घास तिला पाहुण्याच्या घरचा वाटायचा, हे ती बोलत नसली तरी मला दिसायचं. आणि आता संस्था धुळ्याच्या कॉलेजातही सर्व्हर बसवणार होती. तिथं एक कायमची जागा निघणार होती. ती जागा माझीच, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. तर एका दुपारी नाना चहा पिता पिता म्हणाले, “धुळ्याला एकटं माणूस राहणार. बिनचूक पाहिजे. मी विचार करतोय, तिलाच पाठवावं का?”

मी चहा तसाच ठेवून काचेच्या खोलीत जाऊन बसले. एसीतही मला घाम फुटला होता. जिचं धुळ्यात कुणी नाही, तिला धुळं! तिची नेमणूक जूनमध्ये संपत होती, तिलाही कायमची जागा हवी होती, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. शिवला असेल तर मी तो झटकून टाकला.

शेवटी नानांनी मधला मार्ग काढला. धुळ्याचं मशीन मी जाऊन सुरू करून द्यायचं. नीट झालं तर जागा माझी.

फाइल मी जळगावातच तयार केली. इथली चौदा टर्मिनलांची फाइल घेतली आणि धुळ्याच्या सहा टर्मिनलांपुरती केली. शुक्रवारची दुपार होती. फ्लॉपीवर उतरवून झाली, कागद छापला, तिच्यापुढं टाकला. ती पट्टी लावून खालून वर निघाली. माझं लक्ष घड्याळाकडे. ती अगदी शेवटी, म्हणजे फाइलीच्या पहिल्या ओळींपाशी पोचली, थांबली, पुन्हा बोट फिरवलं. पेन्सिल उचलली.

“अक्का, एक खूण केलीय. तेवढं बघून घ्या, मग सही करते.”

“बघते गं. माझी गाडी जाईल. तू सही कर.”

“पण आधी...”

“माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

ती बिचारी गोरीमोरी झाली. तिनं लाल सही केली. “नक्की बघाल ना?” असं दोनदा विचारलं. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये कोंबली. बघायचंच नव्हतं मला. तिनं धरलेली चूक दुरुस्त करून ते मशीन सुरू झालं असतं, तर ते माझं कुठं राहिलं असतं?

शनिवारी धुळ्याच्या कॉलेजात नारळ फुटला. नाना जळगावहून आले होते, प्राचार्य, शिपाई, सगळे दाटीवाटीनं उभे. मी फाइल चढवली, चालू मशीनला ती वाचायला सांगितली, आणि एकामागून एक सहाही टर्मिनलं उजळली. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. तिची आठवण येऊन मी मनातल्या मनात म्हटलं, बघ!

मग लाइट गेली. बॅटरीची पेटी अजून यायची होती, त्यामुळं मशीनही बंद पडलं. अर्ध्या तासानं लाइट आली, मशीन सुरू झालं, घरघरलं, पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या, आणि सगळं तयार होणार तेवढ्यात ते आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा तेच, आणि त्यानंतरही तेच. जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. प्राचार्यांनी हातातला पेढा बशीत ठेवला.

“काय व्हयनं?” नानांनी विचारलं. नाना घाबरले की अहिराणीवर यायचे.

मी पर्समधला कागद काढला. पहिल्या ओळींमध्ये एक आकडा असतो. सुरू झाल्यावर मशीननं कुठल्या पायरीवर जाऊन थांबायचं, ते त्यावर ठरतं. आमच्याकडे तो दोन. सहा लिहिलं तर त्याचा अर्थ, बंद हो आणि पुन्हा सुरू हो. माझ्या डोक्यात सहा टर्मिनलं घोळत होती, आणि मी तिथं दोनच्या जागी सहा मारला होता. चालू मशीनला त्यानं काही फरक पडला नाही. नव्यानं सुरू झाल्यावरच ते बाहेर आलं. आणि त्या सहाभोवती पेन्सिलीचा नीटस गोल होता.

फ्लॉपीवरून मशीन उठवून आकडा बदलायला मला वीस मिनिटं लागली. तोवर माणसं पांगली होती. “सोमवारी तो कागद घेऊन ये,” एवढंच म्हणून नाना गेले.

घरी आल्यावर मुलगी अभ्यासाला बसली होती. मी तिच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला. वासाचा होता, गुलाबी. कागद पाटावर ठेवून तो गोल खोडला.

“आई, काय चुकलं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” म्हटलं आणि चुरा फुंकरून टाकला.

सोमवारी नानांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या. कागद टेबलावर. वर सहा, खाली लाल सही, आणि पेन्सिलीची खूण कुठंच नाही. म्हणजे चूक तपासणाऱ्याला दिसलीच नाही, असा त्याचा अर्थ. तिच्याच पद्धतीनं.

“हाई कोनी तपासं?” नानांनी विचारलं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं सावकाश फिरवलं. सहापाशी बोट थांबलं. पेन्सिल खोडली तरी तिचा दाब कागदात राहतो. त्या खाचेवरून तिनं बोट एकदा गोल नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होते.

“सही माझी आहे, नाना,” ती म्हणाली. “दुरुस्ती झाल्याशिवाय मी सही करायला नको होती.”

नानांना त्यातलं अर्धंच समजलं. मला सगळं समजलं. तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली, हे खरं आहे. पण तिच्या आधी, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं, हेही खरं आहे. हिचीही चूक निघाली एकदाची!

जूनमध्ये मला धुळ्याचा आदेश मिळाला. तिची मुदत वाढवली नाही. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्या फाइली माझ्या ताब्यात दिल्या, उरलेली लाल पेनं मोजून दिली. मी तिला म्हटलं, “ती पट्टी देऊन जा ना. धुळ्याला मला लागेल.”

“नाही अक्का. ती बाबांची आहे,” ती म्हणाली, पट्टी डब्याच्या पिशवीत घातली, आणि पॅसेंजर गाठायला निघून गेली.

धुळ्यात मी पुढं वीस वर्षं काढली. मुलगी माझ्या हातून जेवली, हवं होतं ते मिळालं. बाजारातून एक पोलादी पट्टी आणली. फाइल छापायची, खालून वर वाचायची, ओळीवरून बोट फिरवायचं, सगळं तिच्यासारखं. पण तिथं मी एकटीच होते. फाइल लिहिणारी मी आणि तपासणारीही मीच. लाल सहीच्या जागी दर वेळी मी माझंच नाव लिहायचे, आणि विचारायला कोणी नव्हतं.