खिडकीखाली लावलेला सूड

तावरे अक्का कुणालाही माफ करत नसत. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला त्यांनी बारा वर्षं दारात उभं केलं नव्हतं, आणि मुंजीचं बोलावणं करायला विसरलेल्या नणंदेचा उल्लेख त्या शेवटपर्यंत 'ती बाई' असाच करत. मला त्यांचा हा स्वभाव फार आवडे, कारण माझ्यात तो नावालाही नव्हता.

तावरे हे त्यांचं आडनाव नव्हे. कन्नडमध्ये तावरे म्हणजे कमळ. धारवाडात आमच्या शेजारी त्यांचं घर, परसात सिमेंटचा हौद, हौदात कमळं, म्हणून सगळी गल्ली त्यांना तावरे अक्का म्हणे. पुण्याकडचे पाहुणे विचारत, "तावरे म्हणजे कुठले हो?" अक्का सांगत, "चिखलातले."

शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि हौदालाही शाळेचीच शिस्त होती. कंद आडवा ठेवायचा, कोंबाचं टोक मातीत गाडायचं नाही, खत चिमटीनं घालायचं. दुर्गदबैलच्या बाजारातून आणलेली, कंद लावलेली घमेली हौदात विटांवर ठेवून, देठ वाढेल तशी एकेक वीट काढत त्या ती खोल पाण्यात उतरवत. "पोराला पोहायला शिकवतो की नाही, तसं. एकदम सोडलं की बुडतंय."

हा हौद अप्पांनी मारला. अप्पा म्हणजे माझे सासरे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. एका पावसाळ्यात गल्लीत डेंग्यू आला आणि अक्कांच्या हौदात डास होतात अशी तक्रार त्यांनी केली. हौदातले गप्पी मासे एकही अळी शिल्लक ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. अक्का तेव्हा परगावी होत्या. फवारणीची माणसं आली, दोन्ही परसांमधलं दार उघड म्हणून अप्पांनी सांगितलं, आणि मी मुकाट्यानं उघडलं. त्या माणसांनी हौदात जळकं तेल ओतलं. पंधरा दिवसांनी अक्का परतल्या तेव्हा मासे मेले होते, पानं काळी पडली होती आणि कंद सडले होते.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी काचेची एक बाटली दोन्ही परसांमधल्या भिंतीवर ठेवली. आत वळवळणाऱ्या अळ्या आणि बाहेर चिठ्ठी : 'साहेबांच्या घरची प्रजा.' पाणी आमच्याच गच्चीवरच्या उघड्या पिंपातलं होतं, आणि ते मीच चोरून आणून दिलं होतं. माझी मजल तेवढीच. गल्ली आठवडाभर हसली. अप्पांनी बाटली फोडली, आणि पुढे दिवाळीत माझ्या हाती फराळाचं ताट धाडलं. अक्कांनी ते झाकणही न उघडता परत दिलं. "चकली नको मला. 'तप्पायतु' म्हणायला सांग. नाहीतर मराठीत 'चुकलं' म्हणू देत. पण तोंडानं म्हणू देत."

त्यांनी कुठून कुठून कंद मिळवून हौद पुन्हा उभा केला. पुढे डोळे अधू झाले म्हणून त्या बेळगावला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक कंद मला दिला. "अप्पांच्या खिडकीखाली लाव. पलंगावरनं दिसायला पाहिजे. रोज बघू देत, काय मारलं ते."

गुडघ्यांमुळे अप्पा तेव्हा खोलीतच असत. मी मोठा टब आणून कंद लावला. दुसऱ्या वर्षी फुलं आली आणि सगळंच उलटं झालं. अप्पांना कमळाचा लळा लागला. "अगं, पाणी बोटभर उतरलंय, घाल," असं ते खिडकीतून सांगू लागले. मी आनंदानं अक्कांना फोन केला. त्या भडकल्या. "आवडलं त्यांना? मग उपट ते!" मी उपटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून विचारलं, "खत घातलंस का गं?"

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. अक्का गेल्या होत्या. टबात त्याच सकाळी फूल उमललं होतं. अप्पा खिडकीतून टबाकडे बघत म्हणाले, "ते फूल काढ. त्यांच्या फोटोला पाठवू."

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मी अप्पांना कधी उलट बोलले नव्हते. म्हटलं, "आधी चुकलं म्हणा, अप्पा. मग काढते."

त्यांनी मान फिरवली. फूल तीन दिवस सकाळी उघडत होतं, दुपारी मिटत होतं. चौथ्या दिवशी पाकळ्या पाण्यावर पडल्या. ते बोलले नाहीत, मी फूल काढलं नाही.