गप्प जहाजाला हाक मारणारे वाकळे साहेब

किनाऱ्यालगतच्या जहाजांवर नजर ठेवणाऱ्या कक्षात मी रुजू झाले, तेव्हा श्री. दिगंबरराव वाकळे तिथले प्रमुख होते. त्यांनी पहिला प्रश्न गावाचा विचारला. सोयगाव म्हटल्यावर हसले. "सोयगावला समुद्र नाय, आमच्या गंगापूरलाबी नाय. तवा आपल्याला लई ध्यान देऊन बघावं लागंल." परमुलखात आपली बोली ऐकून मला धीर आला.

आमचं काम दिसायला साधं. जहाजं आपलं नाव आणि ठिकाण आपोआप कळवत राहतात, आम्ही ते पडद्यावर पाहायचं. एखादं जहाज मध्येच दिसेनासं झालं, की आम्हा नवख्यांच्या मनात आधी तस्करी यायची. साहेबांचा दंडक वेगळा होता. गप्प झालेल्याला आधी नाव घेऊन हाक मारायची, संशय मागाहून. एकदा एक छोटं मालवाहू जहाज असंच पडद्यावरून गेलं. साहेबांनी वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. "चोर असंल तर उद्या धरू. बुडत असंल तर उद्या काय धरणार?" असं म्हणून त्यांनी जवळच्या एका जहाजाला वाट वाकडी करून तिकडं जायला लावलं. त्या छोट्या जहाजात पाणी शिरून वीज गेली होती. सगळे खलाशी वाचले. साहेबांनी चहा मागवला आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. "बाई, आज तुमचा आवाज नाय. काय झालंय?" त्यांनी एकदा विचारलं आणि मला रडूच फुटलं. आई दवाखान्यात होती. माझी कामाची पाळी स्वतःकडे घेऊन साहेबांनी मला एसटीत बसवून दिलं.

निवृत्तीनंतर साहेब छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्याला राहतात. वहिनी गेल्या, कन्या परदेशी. दर दसऱ्याला आम्हा सगळ्यांना त्यांचा फोन यायचा. यंदा आला नाही. मी केला तर उचलला नाही. शेवटी मी त्यांचं घर गाठलं. दार त्यांनीच उघडलं. तब्येत ठणठणीत. टेबलावरच्या संगणकावर अरबी समुद्रातली जहाजं चालली होती. हल्ली ती घरबसल्या पाहता येतात.

"फोन का उचलत नाही, साहेब?"

"ही गेली, तशी बोलायची सवयच गेली. फोन वाजला की वाटतं, चुकून लागला असंल."

यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. सत्काराचा विषय काढला, तर म्हणाले, "शाल एक दिवसाची. मंग हायेच की रिकामं घर." मला फार वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्यांना हाका मारलेल्या या माणसाला आता आपल्याला कुणी हाक मारील, हेच खरं वाटत नव्हतं.

म्हणून आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी कक्षातल्यासारख्याच पाळ्या लावल्या आहेत. रोज सकाळी एकानं साहेबांना फोन करायचा. साहेब, तुम्हाला निरोगी शतायुष्य लाभो, आणि त्यात एकही सकाळ मुकी न जावो. दंडक तुमचाच आहे. उत्तर आलं नाही, तर वाट वाकडी करून आम्ही दारात येऊ. उद्या फोनची पाळी माझी आहे. फोन उचला.