रॅगनहिल्ड कुठल्या ओळीत

आर्डिस क्वामी बोलताना ‘बहुतेक’ हा शब्द वापरत नसे. पेन्सिल चाकूनेच तासे. कचेरीच्या दप्तरखान्यात जुने कागद चाळायला जाताना घरून बसायला उशी नेई. चर्चच्या तळघरात केकचा शेवटचा तुकडा उरला, की त्यातला अर्धाच घेई. मग त्या अर्ध्यातला अर्धा दुसरं कुणी घेई आणि शेवटचा घास ताटातच वाळून जाई. दफनभूमीसमोरून गाडी नेताना ती स्टिअरिंगवरची दोन बोटं उचले, वाटेत ओळखीचं माणूस दिसल्यावर उचलतात तशी.

“त्यांना काय दिसतंय?” टेसाने एकदा विचारलं होतं.

“नसेल दिसत. ओळख तर आहे ना.”

आयोवाच्या त्या टेकड्यांमध्ये आर्डिसने तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली. टेसाही त्याच बसने शाळेत गेली. साहित्याची पदवी घेऊन ती गावी परतली, नोकरी मिळेना, तेव्हा आर्डिसचाच फोन आला.

“कॉलेजात नॉर्वेजियन शिकलीस म्हणे. जुनं अक्षर लागतं का तुला? मग ये. कॉफी मिळेल, पगार नाही.”

काम आर्डिसच्या कुळाचं होतं. तिचा खापरपणजोबा टोलेफ १८५४ साली नॉर्वेहून आला. १८६०च्या शिरगणतीत त्याची बायको गुनहिल्ड. १८७०च्या शिरगणतीत मुलगी गुनहिल्ड, वय आठ. ही मुलगी आर्डिसची पणजी. आईचं नाव लेकीला दिलेलं, त्यात शोधायचं काय? चाळीस वर्षं आर्डिस हेच सांगत आली. गुनहिल्डमागे टोलेफने घरातल्या मोलकरणीशी, रॅगनहिल्डशी लग्न केलं. तिचं नाव घरात एवढ्यापुरतंच उरलं होतं, की कुणी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं तर म्हणायचं, “ऊठ, रॅगनहिल्ड!”

जुलैत कुळाचा मेळावा होता. ऐंशी माणसं येणार होती. थोरल्या गुनहिल्डच्या कबरीसाठी नवा दगड कोरून तयार होता. नावाखाली ओळ होती: ‘आम्हा सर्वांची आई’.

मे महिन्यात चर्चची जुनी नोंदवही दुरुस्त होऊन परत आली. पुराच्या पाण्याने चिकटलेली पानं सुटी झाली होती. टेसा वाचू लागली. गुनहिल्ड, मृत्यू मार्च १८६१, बाळंतपणात. बाळही गेलं. मग एक बाप्तिस्मा, ऑक्टोबर १८६२. बाळाचं नाव गुनहिल्ड.

टेसा थांबली.

“वाच की. दातखीळ बसली का?”

“आईचं नाव रॅगनहिल्ड आहे.”

आर्डिसने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“असणारच,” ती म्हणाली. “बिजवराच्या घरी गेलेल्या बाईने पहिल्या लेकीला मेलेल्या बायकोचं नाव द्यायचं. आमच्यात तसंच करत. माझ्या आत्याच्या घरीही झालं होतं. मला ठाऊक होतं, टेसा. ठाऊक असून मी तिकडे बघितलंच नाही.”

“वाईट वाटतंय तुम्हाला?”

“वाईट मागाहून वाटून घेईन. त्या बाईने पोटच्या पोरीला सवतीचं नाव दिलं. आणि त्याच नावावरून आम्ही तिला घराबाहेर काढलं.”

तिने तिथूनच लॉवेलला फोन लावला. लॉवेल तिचा चुलतभाऊ, मेळाव्याचा कारभारी. त्याचा आवाज टेसाला टेबलापलीकडे ऐकू येत होता.

“आर्डिस, दगड कोरून झालाय.”

“खालची ओळ घासून काढायला सांग.”

“आणि ऐंशी जणांना काय सांगू? आपण सगळे त्या मोलकरणीची पिलावळ?”

“तू नको सांगूस. चूक माझी, मी सांगेन. तू बटाट्याच्या सॅलडचं बघ.”

“हसतील तुला.”

“तेहतीस वर्षं पोरं मागून हसायची. बस वेळेवर पोचायची.”

टेसाला वाटलं होतं, ही आता खचेल. ही तर दुसऱ्याच दिवशी पातळ लोखंडी सळई घेऊन दफनभूमीत हजर. रॅगनहिल्ड १८८९ साली वारली, तिला इथेच पुरलं, एवढं वहीत होतं. कुठल्या ओळीत, ते नव्हतं. त्या काळच्या ओळी उत्तरेकडच्या, एकूण नऊ, आणि त्यांतले कित्येक दगड गवताखाली गेले होते.

“मेळाव्याआधी तिच्यापाशी जाऊन उभं राहायचंय,” आर्डिस म्हणाली. “माफी अंदाजाने मागत नाहीत.”

पाऊस नसेल त्या सकाळी एक ओळ. सळई खाली दाबायची. टक्क वाजलं की गवत सोलायचं, दगड धुवायचा, नाव वाचायचं. ओळ धरताना एका टोकाला खुंटी ठोकायची, संपली की दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींना दोरी बांधायची. सहा ओळींत चार दगड सापडले. तिचा त्यांत नव्हता.

अकरा जूनला सकाळी टेसा दफनभूमीत पोचली. आर्डिसची गाडी नव्हती. थोड्या वेळाने लॉवेलचा फोन आला. आर्डिस झोपेतच गेली होती.

“पण आज सातवी ओळ आहे,” टेसा म्हणाली.

जुलैत ऐंशी माणसं आली. आर्डिसने मेळाव्यासाठी लिहून ठेवलेला कागद लॉवेलने मोठ्याने वाचला. ‘चूक माझी’ इथे तो अडकला, पाणी प्यायला, आणि शेवटपर्यंत वाचत गेला. कुणी हसलं नाही. दगडावरची खालची ओळ घासून काढलेली होती.

उत्तरेकडे सहा ओळींना दोरी बांधलेली आहे. सातव्या ओळीच्या एकाच टोकाला आर्डिसने ठोकलेली खुंटी आहे. दुसऱ्या टोकाची अजून ठोकायची आहे.