उसन्या वर्दीतला फोटो

७ ऑक्टोबर २०२२. गाडीत नऊ जण. सात जिवंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी तावडे यांना एवढेच कळले होते. उत्तरेकडच्या डोंगरात लष्कराची एक गाडी दरीत कोसळली होती आणि तिच्यात आपल्या भागातली दोन मुले असावीत, असे सुभेदारसाहेब फोनवर म्हणाले. कोण वाचले आणि कोण गेले, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. "अधिकृत कळेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही," त्यांनी बजावले. बजावण्याची गरज नव्हती. हा नियम संजीवनीबाईंनीच घालून दिला होता.

नियम 'जवान-परिवार' या मासिक पत्राचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आजी-माजी सैनिकांच्या घरांसाठी ते आठ पानी पत्र निघते. संपादक म्हणून निवृत्त सुभेदार महिपती कदम यांचे नाव छापले जाते. लिहिणे, फोटो काढणे, मुद्रिते तपासणे ही सगळी कामे संजीवनीबाईंची. त्यांचे वडील अंबरनाथच्या आयुध कारखान्यात फिटर होते, आणि वसाहतीतल्या निवृत्ती समारंभांचे फोटो हौसेने काढत. कॅमेरा कसा धरावा हे त्या वडिलांकडून शिकल्या. माणसांकडे कसे पाहावे हे, त्यांच्याच म्हणण्यानुसार, समाजशास्त्रात एम.ए. करूनही निम्मेच शिकल्या. लग्न हवालदाराशी झाले. नवऱ्यामागे चार छावण्यांतून संसार हलवून शेवटी त्या बदलापूरच्या शिरगावात स्थिरावल्या.

सैनिकाचे घर मोठ्या वर्तमानपत्रांत कधी येते, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता. तिरंगा अंगणात आला की येते. एरवी त्या घरात काय चालते, कोणाची बदली रखडली, कोणाची मुलगी परिचारिकेची परीक्षा पास झाली, कोणत्या विधवेचे निवृत्तिवेतन कोणत्या टेबलावर अडले, हे कोणाला छापावेसे वाटत नाही. जो समाज माणसाला मेल्यावरच ओळखतो त्याला त्या माणसाविषयी आदर आहे असे म्हणणे कठीण आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून 'जवान-परिवार'मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची बातमी असे, बारशाची असे, कँटीन कोणत्या दिवशी बंद राहणार याची चौकट असे. दिवाळी अंकात मात्र एक सबंध पान एकाच गोष्टीला दिलेले असे: त्या वर्षी सुट्टीवर येऊन गेलेल्या जवानांचे वर्दीतले फोटो. घरोघरी ते कापून चौकटीत लावत.

या फोटोंत एक अडचण होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. जवान सुट्टीवर येतो तो साध्या कपड्यांत. वर्दी तिकडे पलटणीत पेटीत राहते. आईला तर मुलगा वर्दीतच हवा. मग एखाद्याने सोबत वर्दी आणली की ती गावभर फिरे. कोणाला ती पोटावर ताणून बसे, कोणाच्या पाठीला आठ-दहा टाचण्या लावाव्या लागत. पुढून मात्र सगळे ताठ आणि सुबक. नावपट्टी तेवढी काढून ठेवायची, असा रिवाज.

आदल्या वर्षी बदलापूरजवळच्या चामटोलीच्या विकासचा फोटो काढताना नावपट्टी निघाली नाही. वर्दी अंबरनाथच्या अभिजीत शेलारची होती. दोघे एकाच पलटणीत, एकत्र सुट्टीवर आलेले, आणि अभिजीतने पट्टी सदऱ्यावर पक्की शिवून घेतली होती. विकासची आई बाळी हिने तेव्हाच तोंड वाकडे केले.

"दुसऱ्याच्या नावाचा सदरा नको घालू रे," ती म्हणाली.

"आये, नाव त्याचा, पन चेहरा माजाच हाय ना? चेहरा बघ!" विकास हसला होता.

संजीवनीबाईंनीही समजूत घातली होती. फोटोखाली विकासचे पूर्ण नाव छापून येईल, मग छातीवर काय आहे त्याला महत्त्व नाही. त्यांना खरोखरच तसे वाटले होते.

अपघाताचा फोन आला त्याच शनिवारी त्या उल्हासनगरला गेल्या, कॅम्प तीन या वस्तीत. नव्या दिवाळी अंकाची मुद्रिते तपासायची होती. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत हरेशभाईंचे छापखान्याचे दुकान आहे. पुढे कागदाची छपाई, मागे फ्लेक्सचे यंत्र. हरेशभाई सिंधी; त्यांचे मराठी बाजारात घडलेले, पण मन मोकळे.

"बसा दीदी, चाय सांगतो. आज मागे अर्जंट काम आहे. श्रद्धांजलीचा बोर्ड. एक तर सकाळीच घेऊन गेले, अजून दोन पाहिजेत म्हणे."

संजीवनीबाईंनी हातातले मुद्रित खाली ठेवले. "कोणाची श्रद्धांजली?"

"कोण फौजी आहे. तुम्हाला तर माहीत असेल, फोटो तुमच्याच पेपरमधला आहे. ग्रुपवर पीडीएफ फिरतो ना, त्यातून कापला त्यांनी."

त्या मागे गेल्या. यंत्र खरखरत पुढे-मागे होत होते आणि रुळाखालून कापड सरकत होते. आधी टोपी आली, मग भुवया, मग ते हसू आवरून धरलेले तोंड. तो विकास होता. त्यांनी स्वतः काढलेला विकास. पाठोपाठ छाती आली, तिच्यावरची नावपट्टी आली आणि शेवटी मोठी लाल अक्षरे: वीर जवान अभिजीत शेलार अमर रहे.

क्षणभर त्यांना काहीच उमगेना. मग सगळे एकदम उमगले. अभिजीत गेला अशी अफवा कोणाच्या तरी फोनवर आली असणार. फोटो हवा म्हणून जुना अंक उघडला असणार. छातीवरचे नाव जुळले, तेवढ्यावर चेहरा उचलला, आणि खाली छापलेले खरे नाव कातरीत गेले.

"हरेशभाई, यंत्र बंद करा."

"अरे दीदी, पार्टी येऊन उभी राहील. निवडणुकीची तयारी करणारे लोक आहेत, शिव्या मला बसतील."

"हा मुलगा अभिजीत नाही. आणि अभिजीत गेला हे तुम्हाला कोणी सांगितलं? लष्करानं?"

हरेशभाईंनी एकदा कापडाकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि बटण दाबले. "झूलेलाल," ते पुटपुटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दीदी, पहिला बोर्ड चामटोलीच्या फाट्यावर लावला असेल. चेहरा बघून कोणी तरी बोलला, हा तर तिकडचा."

बाळीला वाचता येत नव्हते. फलकावरचे नाव तिला दिसणार नव्हते. दिसणार होता तो मुलाचा चेहरा आणि त्याभोवतीचा हार.

संजीवनीबाईंनी रस्त्यातूनच सुभेदारसाहेबांना फोन लावला. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, आपला नियम."

"नियम छापण्याचा आहे, साहेब. एखाद्याच्या दारात जाऊन बसू नये असा नियम मी केलेला नाही. तुम्ही अंबरनाथला जा, अभिजीतच्या आईकडे. नाव तिच्या मुलाचं आहे. आणि जाता जाता पलटणीत कोणीतरी फोन उचलेपर्यंत लावत राहा."

"निघालो," सुभेदार म्हणाले. सत्तरीच्या या गृहस्थाला हुकूम ऐकण्याची सवय अजून होती.

बदलापूरहून रिक्षात बसल्यावर त्यांना खरा पेच दिसला. बाळीला काय सांगायचे? फलकावर विकासचे नाव नाही, हे खरे होते. पण त्यावरून तो जिवंत आहे असे ठरत नव्हते. गाडीत असावीत म्हणून सुभेदारांनी सकाळी सांगितलेली ती दोन मुले विकास आणि अभिजीतच होती. आणि 'नाव अभिजीतचे आहे' असे म्हणणे म्हणजे एका आईच्या दारातले मरण उचलून दुसरीच्या दारात ठेवणे. दिलासा द्यायचा तर तो कोणाच्या जिवावर द्यायचा? पुस्तकांत या प्रश्नाची उत्तरे असतात. रिक्षा फाट्यावरून वळली तेव्हा फलक दिसला.

घरापुढे बायका जमल्या होत्या. विकासचे वडील धाकलू कापणी टाकून शेतातून आले होते; हातातला विळा खाली ठेवायचे त्यांना सुचले नव्हते. बाळी उंबऱ्यात बसली होती. रडत नव्हती. शेजारची रखमा तिची पाठ चोळत होती.

"आलीस बाय," बाळी म्हणाली. "तो फोटू तुजाच ना?"

"हो. माझाच."

"मंग तूच सांग. गेला का माजा पोर?"

"मला माहीत नाही, बाळीताई. अपघात झालाय हे खरं. दोघे गेलेत हे खरं. ते कोण, हे अजून कोणालाच माहीत नाही. ज्यांनी तो फलक लावला त्यांनाही नाही."

"माहीत नाय तर लावला कशाला?" धाकलू ओरडले. "कुनाचा नाव हाय त्याच्यावर?"

उत्तर बाळीनेच दिले.

"अभिजीतचा असंल. सदरा त्याचाच व्हता." आणि थोडे थांबून, "त्याची आय पन अशीच बसली असंल का गं?"

"सुभेदारसाहेब तिच्याकडे गेलेत."

"बरा केला," बाळी म्हणाली. रखमाने चहा आणला, तो तसाच गार झाला.

फोन वाजला तेव्हा संजीवनीबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तसे करू नये हे त्यांना कळत होते. पण आतली बातमी आधी आपण ऐकायची आणि मग चेहरा सावरून ती यांना सांगायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे त्यांना वाटले.

"लिहून घ्या," सुभेदार म्हणाले. सवयीने ते प्रत्येक बातमी अशीच सांगत. "पलटणीकडून अधिकृत. विकास, जिवंत. हाताला टाके. अभिजीत, जिवंत. डावा पाय मोडलाय, शुद्धीवर आहे. मी त्याच्याच घरी उभा आहे. त्याच्या आई बकुळाबाई आत देवापाशी... ताई, लिहून घेतलंत का?"

कोणीच काही लिहिले नाही. धाकलूंनी विळ्याकडे असे पाहिले की जणू तो आताच हातात आला. रखमा हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. "येऊ दे मेल्याला! ह्याच विळ्यानं त्याची शेंडी कापतंय!"

बाळीने गार चहा उचलून एका घोटात संपवला.

दिवस कलायच्या आत विकासचा स्वतःचा फोन आला, इस्पितळातल्या कोणाच्या तरी फोनवरून.

"आये, काय करतंस?"

"तुजा बारावा मांडलाय."

"काय बोलतंस!"

"फाट्यावर बोर्ड लावलाय तुजा. हार घालून. लय देखना दिसतोस." मग एकदम तिने विचारले, "हात हालतो का रे? हालव बघू."

"फोनवर कसा दिसंल तुला, आये?"

"तू हालव. मला समजतंय."

फोन ठेवून ती संजीवनीबाईंना म्हणाली, "ती दोगां कुनाची गं? गेली ती?"

संजीवनीबाईंना तेही माहीत नव्हते. त्यांनी ते शोधून काढले. एक हिमाचलचा होता, एक तमिळनाडूचा. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर दोघांची नावे आली, त्यांच्या गावांसह. सुभेदारांनी आधी हरकत घेतली होती, ती मुले आपल्या पट्ट्यातली नाहीत म्हणून. "गाडी एकच होती ना, साहेब," एवढेच संजीवनीबाई बोलल्या. मग त्या दोन घरांना अंक पोचते करण्याचे काम सुभेदारांनी स्वतःकडे घेतले.

त्याच अंकात आत एक चौकट होती. गेल्या वर्षीच्या फोटोत एका जवानाच्या अंगावर दुसऱ्याची वर्दी होती, हे पत्राला ठाऊक असूनही तसे सांगितले नव्हते. चूक पत्राची आहे, असे तिच्यात सरळ लिहिले होते. चौकट छापून येण्याआधी संजीवनीबाई चामटोलीला जाऊन बाळीपुढे तेच तोंडाने बोलून आल्या होत्या.

"तू आलीस, बोललीस. झाला," बाळी म्हणाली होती. "आता चाय पी. गेल्या टायमाला तुजी पन तशीच राहिली."

वर्दी फिरवण्याचा रिवाज बंद झाला. काही आया रागावल्या. आता ज्याच्याकडे स्वतःची वर्दी असेल त्याचा वर्दीत फोटो, नसेल त्याचा तो जसा असेल तसा. फेब्रुवारीत विकास सुट्टीवर आला. हाताची खूण दिसावी म्हणून बाळीने त्याला बनियनवरच अंगणात उभे केले. फोटोत तो संकोचला आहे, मागे कोंबडी आहे, धाकलूंचा अर्धा खांदा आत आला आहे. संजीवनीबाईंच्या मते त्यांनी या पत्रासाठी काढलेला हा सर्वांत चांगला फोटो. बाळीच्या घरच्या भिंतीवर आता तो लागला आहे. अभिजीत कुबडी सोडून चालतो, आणि त्याची आई बकुळा सणासुदीला बाळीला आवर्जून फोन करते. दोघींची त्याआधी ओळखही नव्हती.

फाट्यावरचा फलक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नाहीसा झाला होता. काढणाऱ्यांना कोणी पाहिले नाही. फलकाच्या खालच्या बाजूला हात जोडलेले सात चेहरे होते, नावांसकट. ती माणसे याच भागात राहतात आणि त्यांचे नवे फलक अजून लागतात.

त्यांच्यापैकी एकही जण आजवर बाळीच्या दारात आलेला नाही. तिची माफी मागायची राहिली आहे.